वाटल्याने वाढणारी ठेव : डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे

राजधानी दिल्लीला खेटून असलेले गाझियाबाद हे झपाट्याने विस्तारलेल्या शहराचे बोलके उदाहरण होय. इंदिरापुरम, वैशाली, राजनगर यांसारख्या वसाहतींत देशाच्या सर्व प्रांतांतून कुटुंबे येऊन स्थिरावली आहेत. त्यांत नोकरी-व्यवसायानिमित्त आलेली मराठी कुटुंबेही आहेत. शहरात अद्ययावत रुग्णालये उभी राहिली आहेत. तथापि याच जिल्ह्यातील लोणी, मुरादनगर, भोजपूर या भागांतील गावांत आणि दाट वस्त्यांत आरोग्यसेवा प्रथम पोहोचते ती इमारतीच्या रूपाने नव्हे. ती पोहोचते खांद्याला पिशवी आणि हाती नोंदवही घेऊन दारोदार जाणाऱ्या एका स्त्रीच्या रूपाने. ती 'आशा' म्हणून ओळखली जाते. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तिला देशभर हे नाव दिले.

आपल्याच गावातील, आपल्यासारखीच दिसणारी-बोलणारी स्त्री आरोग्याची वाहक होऊ शकते, हा विचार आज आपल्याला सहज वाटतो. पन्नास वर्षांपूर्वी तो तसा नव्हता. या विचाराचे जे मोजके उगम मानले जातात, त्यांतील एक महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यात दोन डॉक्टरांनी तो प्रत्यक्षात उतरविला आणि तेथून तो जगभर गेला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याच्या कार्याचा हा अल्प परिचय.

दोन पदव्या, एक संकल्प

रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ सालचा, अहमदनगर जिल्ह्यातील शिक्षक दांपत्याच्या पोटी. मेबल इमॅन्युएल यांचा जन्म १९३५ साली जबलपूर येथे, एका प्राध्यापकाच्या घरी झाला. दोघांची भेट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. १९५९ साली पदवी आणि १९६० साली विवाह असा क्रम झाला. पण विवाहाच्या वेळीच दोघांनी आपले आयुष्य ग्रामीण भागातील गरिबांसाठी वेचण्याचा संकल्प केला होता. त्या काळी वैद्यकीय पदवीधरासमोर शहराचे आणि परदेशाचे दरवाजे सताड उघडे असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या संकल्पाचे मोल कळते.

अहमदनगर जिल्ह्यातीलच वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. शस्त्रक्रिया यशस्वी होत, रुग्ण बरे होऊन घरी जात. आणि काही महिन्यांनी तेच रुग्ण त्याच व्याधी घेऊन परत येत. दूषित पाणी, अपुरे अन्न, वारंवारची बाळंतपणे आणि अज्ञान ही कारणे गावातच राहत होती, आणि औषध मात्र रुग्णालयात होते. रुग्णालय कितीही उत्तम चालविले, तरी गावाचे आरोग्य त्याने सुधारत नाही, हे कटू सत्य या तरुण डॉक्टरांनी ओळखले. त्यापुढचा मार्ग शोधण्यासाठी ते अमेरिकेस गेले. तेथे प्रगत वैद्यकीय प्रशिक्षण घेतल्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. त्यांचे मार्गदर्शक डॉ. कार्ल टेलर स्वतः भारतात जन्मलेले होते आणि पंजाबातील नारंगवाल येथील ग्रामीण आरोग्य संशोधनामुळे ख्यातकीर्त झालेले होते. १९७० साली आरोळे दांपत्य मायदेशी परतले आणि जामखेड येथे 'सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पा'चा आरंभ झाला.

दुष्काळाने दिलेला धडा

प्रकल्प सुरू होतो न होतो तोच महाराष्ट्रावर १९७२ च्या दुष्काळाचे सावट पसरले. डॉक्टर गावात औषधांची पेटी घेऊन जात, तर लोक पाणी आणि अन्न मागत. अशा वेळी 'ते आमचे काम नव्हे' असे म्हणणे सोपे होते. आरोळे यांनी तसे म्हटले नाही. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे उघडण्यात आली, विंधनविहिरी खोदण्यात आल्या, हातपंप बसविण्यात आले. हे पंप जाणीवपूर्वक दलित वस्तीत बसविले जावेत असा प्रयत्न झाला. पाण्यासाठी साऱ्या गावाने त्या वस्तीत यावे आणि पिढ्यानुपिढ्यांची शिवाशिव पाण्याच्या धारेखालीच धुऊन निघावी, हा त्यामागील हेतू होता. गावकऱ्यांची तरुण शेतकरी मंडळे स्थापन झाली. बंधारे, वृक्षलागवड, पिण्याचे पाणी यांविषयी तेथे चर्चा होई, आणि हळूहळू मुलांच्या आजारांविषयी, स्त्रियांच्या आरोग्याविषयीही ती मंडळी बोलू लागली.

आरोग्य ही केवळ दवाखान्यात मिळणारी वस्तू नव्हे. ते पाणी, शेती, जातव्यवस्था आणि स्त्रीचा घरातील मान यांच्याशी बांधलेले आहे, ही शिकवण पुस्तकातही असते. जामखेडने ती लोकांच्या मागणीतून आत्मसात केली.

ज्ञानाची वाटणी

प्रारंभी गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा प्रयत्न झाला. परंतु बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला एकटीने गावात राहणे अवघड होते आणि गावालाही ती परकी वाटे. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला शिकवावे, असे ठरले. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या. बऱ्याच जणी दलित समाजातील होत्या. काहींना नवऱ्याने टाकले होते, काही विधवा होत्या. ज्यांना गावात कोणी हाक मारून बोलावत नसे, त्यांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवायचे, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती.

या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येत. जातिभेद बाजूला सारून एकत्र जेवत, एकत्र झोपत, एकत्र शिकत. जुलाब झालेल्या बालकाला मीठ-साखरेचे पाणी कसे व किती द्यावे, श्वासाच्या वेगावरून न्यूमोनिया कसा ओळखावा, बाळंतपणात स्वच्छता कशी पाळावी, क्षयाचा खोकला आणि कुष्ठरोगाचा चट्टा कसा हेरावा, कोणता रुग्ण विनाविलंब रुग्णालयात धाडावा, हे सारे त्या आत्मसात करीत. डॉ. मेबल यांच्या कामाचा गाभा हे प्रशिक्षण होता. वैद्यकीय ज्ञानाबरोबरच 'मी काही करू शकते' हा विश्वास या स्त्रियांत रुजविणे त्यांना तितकेच आवश्यक वाटे. महिला मंडळांच्या द्वारे बचत, शेळीपालन, छोटा व्यापार आणि कर्ज यांचीही वाट त्यांच्यासाठी खुली झाली. स्वतःच्या नावाचे बचतखाते असलेल्या स्त्रीचा शब्द घरात अधिक ऐकला जातो, हे आम्हां बँकवाल्यांना सांगावयास नकोच.

परिणाम आकड्यांत दिसू लागले. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत. १९७६ साली ही संख्या ५२ वर आली. एवढ्या अल्प काळात झालेली ही घट कोणत्याही नव्या यंत्राने वा महागड्या औषधाने घडविलेली नव्हती. डॉक्टरांनी आपल्यापाशी जपून ठेवण्याजोगे मानले जाणारे ज्ञान वाटून टाकले, त्याचे हे फळ होते.

या स्त्रियांपैकी मुक्ताबाई पोळ यांनी पुढे वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत आपले अनुभव मांडले. सभागृहातील झगमगते झुंबर आणि साधी ज्योत यांची त्यांनी तुलना केली. झुंबर देखणे खरे; पण ते महाग असते आणि दुसऱ्या दिव्याला उजळू शकत नाही. साध्या ज्योतीने मात्र दुसरी ज्योत पेटविता येते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. जगभरच्या तज्ज्ञांना आरोग्यसेवेचे तत्त्वज्ञान याहून सोप्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल.

जामखेडहून जगाकडे

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने विविध देशांतील लोकाभिमुख आरोग्य प्रयोगांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. केनेथ न्यूएल यांनी संपादित केलेल्या या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. त्यानंतर तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि 'सर्वांसाठी आरोग्य' हे ध्येय समोर ठेवून प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा संमत झाला. त्याची वैचारिक पूर्वतयारी करणाऱ्यांत डॉ. कार्ल टेलर होते. लोकसहभागाविषयी जाहीरनाम्यात जे म्हटले गेले, ते जामखेडच्या गावांत काही वर्षे आधीच घडत होते. १९७९ साली आरोळे दांपत्यास सामुदायिक नेतृत्वासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० साली डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण देऊन गौरविण्यात आले.

या यशाबरोबर एक वादही उभा राहिला. सर्वंकष आरोग्यसेवा हे स्वप्न खर्चिक व वेळखाऊ आहे. त्याऐवजी लसीकरण, जलसंजीवनी, स्तनपान यांसारख्या निवडक उपायांवर लक्ष केंद्रित करावे, असा मतप्रवाह अल्मा-आटानंतर लगेचच बळावला. १९८० च्या दशकात युनिसेफने याच दिशेने मोहीम उभारली आणि तिने असंख्य बालकांचे प्राण वाचविले, हे मान्य करावेच लागेल. परंतु मोहीम संपल्यावर गावात काय उरते, हा प्रश्न शिल्लक राहतो. पुढे डॉ. मेबल याच युनिसेफच्या दक्षिण आशियासाठीच्या प्रादेशिक सल्लागार झाल्या आणि काठमांडू येथून त्यांनी काम पाहिले. एका तालुक्यात घडविलेला अनुभव अनेक देशांच्या धोरणकर्त्यांपुढे मांडण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील कार्यकर्ते शिकण्यासाठी जामखेडला येऊ लागले. तेथे त्यांच्या शिक्षकांत डॉक्टरांइतक्याच या ग्रामीण स्त्रियाही होत्या. १९९४ साली उभयतांनी आपला अनुभव ग्रंथरूपाने जगापुढे ठेवला. डॉ. मेबल यांचे १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत यांचे २०११ साली निधन झाले.

दिल्लीच्या वेशीवर आलेला प्रत्यय

जामखेडचे तत्त्व केवळ दुष्काळी खेड्यापुरते आहे काय? गाझियाबाद ज्या पश्चिम उत्तर प्रदेशात मोडते, त्या प्रदेशाने या प्रश्नाचे उत्तर दिले. पोलिओविरुद्धच्या लढाईत हा पट्टा देशातील सर्वांत कठीण आघाड्यांपैकी एक होता. दाट लोकवस्ती, सांडपाण्याची दुरवस्था, कामाच्या शोधात सतत फिरणारी कुटुंबे आणि लसीविषयीचे गैरसमज यांमुळे मोहिमेमागून मोहीम होऊनही विषाणू हटत नव्हता. अनेक घरांची दारे लसीकरण पथकासाठी बंद होत. ती उघडली गेली ती त्याच गल्लीत राहणाऱ्या स्त्रियांमुळे, तेथील शिक्षकांमुळे आणि इमामांमुळे. युनिसेफ, रोटरी व अन्य संस्थांनी अशा स्थानिक कार्यकर्त्यांचे विस्तृत जाळे उभारले होते. भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताच्या पोलिओमुक्तीवर शिक्कामोर्तब झाले. लस प्रयोगशाळेतून आली होती. पण विश्वास शेजारातूनच यावा लागला.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशा कार्यकर्त्यांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार देऊन गौरविले. एकेकाळी अशा पुरस्कारांच्या यादीत नामवंत वैद्य आणि प्रशासक असत. त्यांच्या पंगतीला गावातील, गल्लीतील स्त्री बसली, ही सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि गौरवाच्या आनंदात एक सावधगिरी बाळगावयास हवी. जामखेडची आरोग्यसेविका गावाने निवडलेली होती आणि गावाला उत्तरदायी होती. तिला प्रश्न विचारण्याची, निर्णय घेण्याची मुभा होती, आणि तिचे शिक्षण आठवड्यामागून आठवडा, वर्षानुवर्षे चालू राहिले. आशा कार्यकर्तीला मात्र प्रामुख्याने कामागणिक मोबदला मिळतो. नोंदवह्या आणि उद्दिष्टे यांचा भार तिच्यावर वाढत गेला आहे. पुरेसे मानधन आणि सन्मान यांसाठी अनेक राज्यांत या स्त्रियांना रस्त्यावर उतरावे लागले. कार्यकर्ती घराघरात पोहोचली, पण तिला शिकविणारा, तिचे ऐकणारा कोणी उरला नाही, तर ती केवळ निरोप पोहोचविणारी व्यक्ती ठरेल. तेव्हा जामखेडचे नाव राहील आणि तत्त्व हरवेल.

वाचकहो, ठेवीचा नियम आपण सारे जाणतो. जपून ठेवावी, हात लावू नये, म्हणजे ती वाढते. ज्ञानाच्या ठेवीचा नियम नेमका उलटा आहे. आरोळे दांपत्याने आपली विद्या गावातील सर्वांत उपेक्षित स्त्रीच्या हाती दिली, आणि तिचे व्याज आजही कोठे तरी एखाद्या अर्भकाच्या पहिल्या वाढदिवसाच्या रूपाने जमा होत आहे. आपल्या दारी येणाऱ्या आशाताईंना घरात बोलावून, त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे, हा या ठेवीत आपणही घालू शकू असा छोटासा हप्ता आहे.