सूर्यफूल-कुलातील वनस्पती : आवार, आहार व औषध

दवाखान्याच्या किंवा औषधनिर्मितीशाळेच्या आवारात शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या शेवंती, झेंडू, सूर्यफूल या वनस्पती एकाच कुलातील होत. या कुलात आपण ज्यास एक फूल म्हणतो, तो वस्तुतः अनेक सूक्ष्म पुष्पकांचा गुच्छ असतो. माका, गोरखमुंडी व दवणा हीदेखील याच कुलातील द्रव्ये.

उत्रोलीसारख्या भोर तालुक्यातील गावी आवारात लावण्यास दोन आहारोपयोगी वनस्पती विशेष योग्य आहेत. पहिली कारळे. डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर पावसाळ्याच्या आरंभी पेरलेले हे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिवळ्या फुलांनी बहरते. त्यावर मधमाश्या येतात व बियांची चटणी घरोघरी होते. दुसरी करडई, म्हणजेच कुसुम्भ. पावसाळा ओसरल्यावर, पाणी न साचणाऱ्या जागी ती पेरावी. काटे धरण्यापूर्वी कोवळ्या पानांची भाजी करावी. मात्र चरकाचार्यांनी स्थावर स्नेहांमध्ये कुसुम्भतेलास अपथ्यतम म्हटले आहे, हे पथ्य सांगताना विसरू नये.

शोभेच्या झाडांबाबत खरी सावधगिरी माक्यासंबंधी हवी. कुंपणालगत जमीन झाकण्यासाठी लावली जाणारी पिवळ्या फुलांची वेल पुष्कळ ठिकाणी ‘पिवळा माका’ म्हणून ओळखली जाते. ती उष्ण अमेरिकेतील असून तिची पाने बहुधा त्रिखंडी असतात. शास्त्रोक्त पीतभृंगराजाची पाने अखंड असतात. ती वनस्पती निराळी. आयुर्वेदिक फार्माकोपियातील भृंगराज तर पांढऱ्या फुलांचा माकाच होय. भातखाचरांच्या बांधावर तो सहज मिळतो व चुरडल्यास त्याचा रस लवकर काळवंडतो. तेलपाकासाठी ओली वनस्पती घेताना औषधनिर्मात्यांनी फूल, पान व रस या तिन्ही खुणा पाहाव्यात. फुलाविना आलेला माल स्वीकारू नये.

दुसरी बाब रुग्णांची. 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत याच कुलातील. त्यातील सेस्क्विटर्पिन लॅक्टोन वर्गातील द्रव्यांमुळे त्वचाविकार जडलेल्या काही रुग्णांना शेवंती व सूर्यफूल यांच्या स्पर्शानेही तोच त्रास होतो. चेहरा, मान, कोपराचे खळगे अशा उघड्या भागी वारंवार कंडू व वैवर्ण्य येत असल्यास घरच्या बागेची चौकशी अवश्य करावी. अशा रुग्णास या कुलातील द्रव्याचा लेप योजण्यापूर्वी अल्प जागी लावून पाहावा.

आवारातील प्रत्येक रोपाजवळ नामफलक लावावा. द्रव्यपरिचयाचा अभ्यास दारातूनच सुरू होऊ शकतो.