दीड लाखाचा गेमिंग लॅपटॉप घेताय? स्टिकरवरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो

कॅप राउंडची यादी लागते, कॉलेज ठरतं, होस्टेल नाहीतर कॉट बेसिसवर रूम मिळते आणि मग घरात शेवटचा विषय निघतो. लॅपटॉप. मुलगा म्हणतो, "अभ्यासाला चांगला लागेल." बाबा विचारतात, "चांगला म्हणजे कितीचा?" आकडा ऐकला की आई चहा टाकायला आत जाते.

पुण्यात माझ्या पहिल्या वर्षाच्या रूम पार्टनरनं सव्वा लाखाचा गेमिंग लॅपटॉप आणला होता. त्यासाठी त्याच्या वडिलांनी गावातल्या पतसंस्थेतून कर्ज काढलेलं. दोन महिन्यांत त्यानं तो कॉलेजला न्यायचं बंद केलं. लॅपटॉप आणि चार्जर मिळून साडेतीन किलोच्या घरात, बसमध्ये उभं राहायला जागा नाही आणि लेक्चर हॉलमध्ये प्लग पॉइंट नाही. नोट्स तो मोबाईलवर काढायचा. एकदा म्हणाला, "गेम भारी चालतात रे, पण कॉलेजात माझ्याकडे लॅपटॉपच नाही."

लॅपटॉप वाईट नव्हता. तो घेताना विचारायचे प्रश्न कुणी विचारले नव्हते. तेच आज बघूया.

पहिला प्रश्न: चालवायचं काय?

बीजीएमआय मोबाईलवर चालतं. व्हॅलोरंटला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. सायबरपंक २०७७ सारखा गेम सगळी सेटिंग्ज वर करून खेळायचा असेल तर मात्र लागतं.

अभ्यासाचंही तसंच. कोडिंग, वेब डेव्हलपमेंट, डेटाबेस यांना ग्राफिक्स कार्डाची गरज जवळपास नसते. थ्रीडी ॲनिमेशन, आर्किटेक्चरचं रेंडरिंग, व्हिडीओ एडिटिंग यांना त्याचा खरा फायदा होतो. मेकॅनिकलवाल्यांचं सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं, म्हणून मॅकबुक घेताना त्यांनी दोनदा विचार करावा. मशीन लर्निंगसाठी एनव्हिडियाचं कार्ड सोयीचं, पण सुरुवातीच्या प्रयोगांना गुगल कोलॅबवर मर्यादित वेळ जीपीयू फुकट मिळतो.

आणि गेम खेळायचे हेच खरं कारण असेल तर घरी तेच सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र "अभ्यासाला लागतो" म्हणून खर्च पन्नास हजारांनी वाढवला, तर ते पैसे कुणाचे आहेत हे आठवत राहतं.

नाव एकच, ताकद वेगळी

दुकानदार "यात ५०९० आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण डेस्कटॉपचं आरटीएक्स ५०९० तब्बल ५७५ वॅटपर्यंत वीज घेतं आणि त्याची मेमरी ३२ जीबी असते. लॅपटॉपमधल्या ५०९० ची मेमरी २४ जीबी आणि मूळ वीजमर्यादा ९५ ते १५० वॅट. नाव एकच, आतली चिप वेगळी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकच कार्ड दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या ताकदीनं चालतं. आरटीएक्स ४०६० लॅपटॉप कार्डासाठी एनव्हिडियानं ३५ ते ११५ वॅट अशी मर्यादा दिली आहे. किती वॅट द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये वॅट कमी देतात, कारण उष्णता बाहेर काढायला जागा नसते. त्यामुळे जास्त वॅटचं खालचं कार्ड कमी वॅटच्या वरच्या कार्डाला गाठू शकतं.

हा आकडा टीजीपी नावानं कंपनीच्या वेबसाइटवर स्पेसिफिकेशनमध्ये असतो. सापडला नाही तर त्याच मॉडेलचा रिव्ह्यू बघा. "त्याच सिरीजचा" चालणार नाही.

नंतर काय वाढवता येतं, काय नाही?

ग्राफिक्स कार्डाची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, नंतर वाढवता येत नाही. आरटीएक्स ५० मालिकेत ५०६० आणि ५०७० ही दोन्ही लॅपटॉप कार्डं ८ जीबीची आहेत. ५०७० टीआय १२ जीबीचं, ५०८० हे १६ जीबीचं. चार वर्षं लॅपटॉप वापरायचा आणि थ्रीडीचं जड काम करायचं असेल तर ८ आणि १२ मधला फरक तिसऱ्या वर्षी जाणवेल. नुसत्या गेमसाठी ८ जीबीत सेटिंग्ज थोडी खाली आणून काम भागतं.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी नको. ती मदरबोर्डवर पक्की बसवलेली आहे की स्लॉटमध्ये आहे, हे विचाराच. पक्की असेल तर आज घेतली तेवढीच शेवटपर्यंत. "नंतर टाकू" हा सल्लाही जरा जपून घ्या. एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५च्या उत्तरार्धात मेमरी चिप चांगल्याच महागल्या. त्यामुळे आज जादा रॅमचं मॉडेल आणि सुटी रॅम यांच्या किमती शेजारी मांडूनच ठरवा. एसएसडीसाठी दुसरा रिकामा स्लॉट असेल तर उत्तम.

स्क्रीन म्हणजे फक्त हर्ट्झ नाही

१६५ किंवा २४० हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलू शकते. कार्ड तेवढी चित्रं बनवत नसेल तर तो आकडा शोभेचा. २५६० बाय १६०० च्या स्क्रीनवर १९२० बाय १०८० च्या जवळपास दुप्पट पिक्सेल असतात, म्हणजे कार्डावर भारही तेवढा जास्त.

एडिटिंग किंवा डिझाइन शिकत असाल तर १०० टक्के एसआरजीबी लिहिलंय का ते बघा. "४५ टक्के एनटीएससी" दिसलं तर रंग फिके दिसणार हे समजा.

बॅटरी, वजन आणि तो प्लग

विमानात परवानगीशिवाय साधारण १०० वॅट-अवरपर्यंतचीच लॅपटॉप बॅटरी नेता येते. म्हणून मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही ९९ च्या आसपास थांबतात. आता गणित करा. ८० वॅट-अवरची बॅटरी आणि गेम खेळताना ८० वॅट खर्च, म्हणजे एक तास. शिवाय बॅटरीवर चालताना कार्डाची ताकद कमी केली जाते, त्यामुळे गेम नीट खेळायला प्लग लागतोच.

इथे यूएसबी-सी चार्जिंगची सोय फार कामाची. मोठा चार्जर रूमवर ठेवायचा आणि कॉलेजला ६५ किंवा १०० वॅटचा छोटा न्यायचा. गेमला पुरणार नाही, पण नोट्स आणि कोडिंगला पुरतो. आणखी एक बारीक गोष्ट. काही मोठ्या चार्जरच्या वायरला गीझरसारखा जाड, १६ अँपिअरचा प्लग येतो. होस्टेलच्या टेबलाजवळ बहुधा ६ अँपिअरचं सॉकेट असतं. आधीच बघून ठेवा.

पंख्याचा आवाजही रिव्ह्यूमध्ये ऐका. रात्री दोनला गेम चालू असताना शेजारच्या कॉटवर कुणीतरी झोपलेलं असतं.

पैसे: ईएमआयचं खरं गणित

दीड लाखाचा लॅपटॉप, १५ टक्के व्याज, २४ महिने. हप्ता साधारण ७,२७३ रुपये आणि एकूण भरणा सुमारे १,७४,५५०. म्हणजे साडेचोवीस हजार नुसतं व्याज.

"नो कॉस्ट ईएमआय"मध्ये बँक सहसा व्याज लावतेच, तेवढी सूट किमतीत आधी दिलेली असते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेकदा आपल्यालाच भरावी लागते.

अमेरिकेहून काका येणार असतील तर? १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय आणता येतो. पण त्याची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी लेखी विचारा. भारतात घेतानाही वॉरंटी किती वर्षांची, इंजिनिअर घरी येतो की लॅपटॉप सेंटरला न्यावा लागतो, आणि ते सेंटर तुमच्या कॉलेजच्या शहरात आहे का, हे बघा. सबमिशनच्या आठवड्यात हीच माहिती कामाला येते.

मग घ्यायचा का?

रूमवर टेबल आहे, काम जड आहे आणि लॅपटॉप रोज न्यायचा नाही, तर गेमिंग लॅपटॉप घ्या. रोज तासभर प्रवास असेल, तर हलका साधा लॅपटॉप आणि रूमवर किंवा घरी डेस्कटॉप या जोडीची किंमत काढून बघा. त्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकद देतो आणि पुढे वाढवताही येतो. मागच्या पिढीचं, पूर्ण वॅटचं कार्ड सवलतीत मिळत असेल तर तेही वाईट नाही.

ठरलं, की एकदा दुकानात जा. बॅगेत लॅपटॉप टाका, सोबत चार्जर टाका आणि दहा मिनिटं पाठीवर घेऊन उभे राहा. माझ्या रूम पार्टनरला हे कुणी सांगितलं असतं, तर त्याचा सव्वा लाखाचा लॅपटॉप कॉलेजलाही गेला असता.