गवत, उपग्रह आणि ओवेन्सचं खोरं

झाडावरून जमिनीखालचं पाणी ओळखायची विद्या आपल्याकडे फार जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्यायच लिहिला. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर कोणत्या बाजूला, किती पुरुष खोलीवर गोडं पाणी लागेल, असे त्यात ठोकताळे आहेत. अमेरिकी भूजलशास्त्रज्ञ ऑस्कर माइन्झर यांनी भूजलाची खूण म्हणून वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९२७ सालचा. पण दोघांनाही झाडापाशी चालत जावं लागे.

२३ जुलै १९७२ रोजी पहिला लँडसॅट उपग्रह उडाला. निरोगी पान तांबडा प्रकाश गिळतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश परावर्तित करतं. या दोहोंच्या तफावतीवरून हिरवाई मोजायचा एनडीव्हीआय हा निर्देशांक त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत रूढ होऊ लागला. उपग्रहाला भूजल दिसत नाही, पान दिसतं. पानावरून पाण्यापर्यंत पोचायची वाट नंतरच्या चाळीस वर्षांत तयार झाली, आणि ती समजून घ्यायला कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्याइतकं चांगलं ठिकाण मला माहीत नाही.

सिएरा नेवाडाच्या पूर्वेचं हे कोरडं खोरं. १९१३ साली लॉस एंजेलिसने इथलं नदीचं पाणी कालव्याने शहराकडे नेलं. १९७० मध्ये दुसरा कालवा आला आणि तो भरण्यासाठी भूजलाचा उपसा वाढला. खोऱ्यातल्या खारवट कुरणांचा आधार पाऊस नव्हता, जमिनीत थोड्याच खोलीवर असलेलं पाणी होता. स्थानिक काउंटी प्रशासन कोर्टात गेलं. १९८४ ते ८७ दरम्यान वनस्पतींची जमिनीवरून पाहणी झाली. पाठोपाठ दुष्काळ पडला, पंप जोरात चालले. पुढे १९९१ मध्ये शहर आणि काउंटी यांच्यात दीर्घ मुदतीचा करार झाला.

लँडसॅट-५ नेमका १९८४ मध्येच कामाला लागला होता, म्हणून पाहणीच्या आरंभापासूनची चित्रं उपलब्ध होती. अँड्र्यू एल्मोर, जॉन मस्टर्ड आणि सारा मॅनिंग यांनी ती निरीक्षण विहिरींच्या नोंदींशेजारी ठेवली. विरळ गवतात एनडीव्हीआयला मागच्या मातीचा रंग चकवतो, म्हणून प्रत्येक ठिपक्यात गवत किती आणि माती किती हे त्यांनी वेगळं काढलं. उत्तर स्पष्ट निघालं. पाणी मुळांच्या पोचेत, म्हणजे साधारण अडीच मीटरच्या आत असेल, तर कमी पावसाच्या वर्षीही कुरण टिकून राहतं. पातळी त्याखाली गेली की तेच कुरण दरसालच्या पावसावर हेलकावू लागतं. या हेलकाव्यातूनच खोलीचा अंदाज बांधता येतो. एकट्या हिरव्या चित्रावरून तो बांधणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते २००८ साल. त्या वर्षी लँडसॅटचा सारा संग्रह फुकट खुला झाला. कोणा नव्या उपग्रहाने केलं नसतं एवढं काम त्या एका निर्णयाने केलं. २०२१ पर्यंत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी विहिरींच्या नोंदी आणि दशकांची चित्रं संगणकाला शिकवून, जिथे विहीरच नाही तिथल्या पाणपातळीचेही अंदाज काढले.

महाराष्ट्रात ही रीत जशीच्या तशी उचलली तर घात होईल. उसाचा फड मे महिन्यात हिरवागार दिसतो तो खालचं पाणी उपसून वर आणल्यामुळे. तिथे हिरवाई वाढत असताना पातळी खाली जात असू शकते. शिवाय आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि मुरमात असतं, सलग थरात नाही. आपल्याकडे भूजल शक्यतेचे नकाशे करतानाही भूरूपं आणि भेगांच्या रेषा पाहाव्या लागल्या, त्या याचसाठी. पण सिंचन न पोचलेला ओढ्याकाठ, गावाची राई, डोंगरपायथ्याचं गवत, इथे ओवेन्सची रीत लागू पडावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. त्यातली मे महिन्याची नोंद आणि त्याच महिन्यातलं ओढ्याकाठचं चित्र तालुकावार जोडून पाहायला हवं.