उशिरा पोचणारे रंग

जुन्या झुंबरातून निखळलेला एक लोलक माझ्या टेबलावर पडलेला असतो. सकाळी नऊच्या सुमारास ऊन त्यावर तिरपं येतं आणि भिंतीवर ‘तानापिहिनिपाजा’ उमटतं. जांभळा सर्वांत जास्त वळतो, हे शाळेत घोकलेलं होतं. का वळतो, हे कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. काचेत शिरल्यावर तो इतरांच्या मागे पडतो, म्हणून वळतो.

निर्वात पोकळीत सगळे रंग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर याच वेगाने धावतात. भिंगांसाठी वापरतात त्या क्राउन काचेत तांबड्याचा वेग सुमारे १,९८,००० वर येतो आणि निळ्याचा १,९७,००० वर. हजार किलोमीटरचा फरक म्हणजे केवढा, असं वाटेल. पण पाच सेंटिमीटर काच पार करताना निळा जेमतेम सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा रेंगाळतो. काचेतले इलेक्ट्रॉन अणूंशी बांधलेले असतात आणि त्यांची झुलण्याची स्वतःची लय अतिनील पट्ट्यातली असते. निळा त्या लयीच्या जवळचा, म्हणून त्यांच्यात जास्त गुंततो. तांबडा लांबचा, तो तुलनेने सुटतो.

न्यूटनने १६७२ मध्ये रंगांवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा वेगांचा हा हिशोब त्याच्यापाशी नव्हता. तो प्रकाशाला कण मानत होता आणि काचेत किंवा पाण्यात हे कण उलट जास्त वेगाने धावतात, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची ठरायला १८५० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी पॅरिसमध्ये फूकोने फिरत्या आरशाने दाखवलं की पाण्यात प्रकाश हवेपेक्षा हळू चालतो.

पण न्यूटनचा एक प्रश्न मला त्याच्या उत्तरांहून जास्त आवडतो. ऑगस्ट १६९१ मध्ये त्याने राजखगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीडला पत्रातून विचारलं, की गुरूचा उपग्रह ग्रहणात दिसेनासा होण्याच्या क्षणी लालसर किंवा निळसर होतो का? रंगांचे वेग मोकळ्या आकाशातही वेगळे असतील, तर शेवटचा किरण मागे राहणाऱ्या रंगाचा असायला हवा. पुढच्या वर्षी फ्लॅमस्टीडने कळवलं, तसं काही दिसलेलं नाही.

दिसणार नव्हतंच. पण आकाश अगदी रिकामं नाही. ताऱ्यांमधल्या पोकळीत चहाच्या कपाएवढ्या जागेत सरासरी दोन-चार सुटे इलेक्ट्रॉन असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावर त्यांचा परिणाम नगण्य, रेडिओ लहरींवर मात्र चांगलाच. आणि इथे काचेचा नियम उलटा होतो. इलेक्ट्रॉन कुणाशी बांधलेले नसल्यामुळे कमी वारंवारतेच्या लहरी, म्हणजे रेडिओतल्या ‘तांबड्या’, जास्त रखडतात. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार, म्हणजे नियमित रेडिओ ठोके देणारा गरगरता तारा, सापडला, तेव्हा त्याच्या प्रत्येक ठोक्याचे रंग असे मागेपुढे येत होते. त्या उशिरावरूनच तो किती दूर असेल याचा पहिला अंदाज बांधता आला.

या उशिराचा हिशोब आता आपल्याकडे, जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर नेहमी होतो. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ती दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांना पत्रा नाही, बारीक पोलादी तारांची जाळी आहे. खाली उभं राहून वर पाहिलं तर जाळीतून आकाश दिसतं. वाऱ्याला वाट मिळते आणि खर्चही वाचतो. मला तरी ही काटकसर मोठमोठ्या शोधांइतकीच कौतुकाची वाटते.

२०२३ मध्ये युरोपीय गटाबरोबर भारतीय गटाने पल्सारांच्या ठोक्यांत गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचं जाहीर केलं, त्यात खोडदची निरीक्षणं होती. तिथल्या कमी वारंवारतांवर उशीर मोठा दिसतो, त्यामुळे तो नेमका मोजून हिशोबातून वजा करता येतो. तो एकदा मोजून भागत नाही. पृथ्वी फिरते, पल्सारकडची वाट सूर्याजवळून जाते, सौर वाऱ्यातले इलेक्ट्रॉन आड येतात आणि कालचा आकडा आज चालत नाही.

क्रॅब नेब्युलातला पल्सार साधारण साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि सेकंदात तीसेक वेळा गरगरतो. त्याच्या एकाच ठोक्यातली १४०० मेगाहर्ट्झची लहर आधी पोचते, ४०० ची त्यानंतर सुमारे १.३५ सेकंदांनी. तेवढ्यात तो पल्सार स्वतःभोवती आणखी चाळीस वेळा फिरलेला असतो.