जाळरेषेवरची माणसं

तुमसर तालुक्यातला आंबागड किल्ला १७०० च्या सुमारास बांधला गेला. देवगडच्या बख्तबुलंद राजाचा सरदार राजाखान पठाण याने तो उभारला. मार्चअखेरीला बुरुजावर उभं राहिलं की सातपुड्याच्या टेकड्या पार उघड्या पडलेल्या दिसतात. पानगळ उरकलेली असते, आणि दुपारी खालून नुसत्या पाचोळ्याचा आवाज येतो.

आंबागडचं हे रान अभयारण्य नाही. इथे जिप्सी फिरत नाहीत, तिकीटखिडकी नाही. पण पेंच आणि नागझिरा यांच्यातली वाघाची वाट लेंडेझरी, नाकाडोंगरीच्या याच जंगलांतून जाते. ती राखणारी माणसं मात्र आपल्याला फारशी माहीत नसतात. वाघाचा फोटो घरोघरी पोचतो. तो वाघ ज्यांच्या पायपिटीवर जगतो त्यांचा पोचत नाही, याची मला खंत वाटते.

बीट हा वनखात्याचा सगळ्यात लहान तुकडा, आणि तो एका वनरक्षकाच्या हवाली असतो. भरतीच्या वेळी चार तासांत पुरुषांना २५ आणि महिलांना १६ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. पुढची सगळी नोकरीही चालण्याचीच. सोबत असतो वनमजूर. तो बहुधा शेजारच्याच गावचा असतो, गोंड किंवा ढिवर घरातला. ओल्या मातीतला पंजा मादीचा की नराचा, कालचा की आजचा, हे आधी तोच सांगतो. कॅमेरा ट्रॅप लावताना वाटेच्या दोन्ही कडांना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. कॅमेऱ्यासमोर कुणीतरी चार पायांवर रांगून दाखवतं, मगच उंची बरोबर असल्याची खात्री होते. पन्नाशीचा माणूस धुळीत असा रांगताना पाहिला की या कामाबद्दलचा आदर वाढतो.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून आतला पाला जाळून टाकतात, जेणेकरून आग आली तर तिथेच अडावी. हल्ली पाठीवर ब्लोअर बांधून पाला उडवतात, तरी ओल्या डहाळ्यांनी झोडपून आग विझवणं सुटलेलं नाही. बऱ्याच आगी माणसाच्याच हातच्या असतात. मोहफूल पाचोळ्यात हरवतं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवा कोंब यावा म्हणूनही पेटवतात. वेचणाऱ्यांना दोष देऊन काही साधत नाही. मोहफुलांवर त्यांची वर्षाची मीठ-मिरची चालते. म्हणून चांगला वनरक्षक पहाटे मोहाखाली जाऊन बसतो, पेटवण्याऐवजी झाडून घ्या, जुनं लुगडं अंथरा असं सांगतो, आणि तासभर स्वतःही फुलं वेचू लागतो.

८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर मृत्युमुखी पडले. हंगामी, म्हणजे पावसाळा लागला की ज्यांचं काम संपतं ते. आगीच्या तोंडाशी सगळ्यांत आधी पोचणारी हीच माणसं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या चिन्ह-सर्वेक्षणात एका महिला वनरक्षकावर वाघिणीने हल्ला केला, त्यात तिचा जीव गेला. तिच्यासोबत तीन वनमजूर चालत होते.

मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या. त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. त्यांच्या मागावर राहणाऱ्यांचं काम म्हणजे हातात अँटेना धरून उभं राहायचं, ती हळूहळू फिरवायची, कानाशी टकटक वाढली की त्या दिशेला वाघीण आहे असं समजायचं आणि वेळ, ठिकाण टिपायचं. वाघीण शेताकडे सरकली तर गावात निरोप आधी पोचला पाहिजे, म्हणून रात्रपाळीवाल्याची झोप त्या टकटकीला बांधलेली असते. पहाटे पाळी बदलते. नवा माणूस अँटेना हातात घेतो, आणि जुना टकटक कुठे ऐकू येते ते दाखवून पाण्याची बाटली त्याच्याकडे देतो.