‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढ्यावर दावा उभा राहत नाही

नगर-मनमाड रस्त्यावर दुचाकीला ट्रकने धडक दिली. चाळिशीतला शेतमजूर, मांडीचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, रॉड टाकला, टाके सुकत आले म्हणून घरी सोडले. बाराव्या दिवशी सकाळी काठी धरून उठला आणि एकदम धाप लागून खाली बसला. ग्रामीण रुग्णालयात पोहोचेपर्यंत संपले होते. नातेवाईक म्हणाले, “झटका आला असेल. साहेब, आता चिरफाड कशाला?” मृतदेह गावी गेला आणि संध्याकाळी अंत्यविधी झाला. असे रुग्ण सरकारी दवाखान्यात आम्ही वारंवार पाहतो. गाव बदलते, गोष्ट तीच असते.

पुढचा भाग सहा-आठ महिन्यांनी घडतो. त्या घरातली बाई कागदांची पिशवी घेऊन ओपीडीत येते. विमा कंपनीचे म्हणणे असते की माणूस अपघाताने नव्हे, हृदयविकाराने गेला. मग अपघाताशी संबंध दाखवणारा कागद कुठे आहे?

वैद्यकीयदृष्ट्या संबंध अगदी सरळ आहे. मांडीचे हाड मोडले, माणूस अंथरुणाला खिळला की पायाच्या खोलवरच्या नसांमध्ये रक्ताच्या गाठी होऊ शकतात. त्यातली एखादी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली तर मिनिटांत प्राण जातो. धाप, छातीत कळ, कोसळणे, बाहेरून सगळे हार्ट अ‍ॅटॅकसारखेच दिसते. फरक शवविच्छेदनात कळतो.

आता आमच्या पेशाची चूकही सांगतो. मृत्यूच्या कारणापुढे ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून मोकळे होण्याची आम्हा डॉक्टरांची जुनी खोड आहे. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचेच बंद पडतात. ते मरणाचे कारण नव्हे, मरण आहे. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना 4 आणि घरच्या मृत्यूसाठी नमुना 4-अ असतो. त्यात कारणांची साखळी लिहायची असते. तात्काळ कारण: फुप्फुसात अडकलेली गाठ. ती कशामुळे? पायाच्या नसेतली गाठ. ती कशामुळे? मांडीचे हाड मोडल्याने. शेवटच्या ओळीत अपघात आला, तर त्याच ओळीवर दावा उभा राहतो. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका जो मृत्यूचा दाखला देते, त्यावर कारण लिहिलेलेच नसते. पुष्कळ कुटुंबे तोच दाखला जपून ठेवतात आणि कारणाचा कागद मागायचा राहून जातो.

मृत्यूच्या कारणावरून झालेला एक खटला वैद्यकीय कायद्याच्या वर्गात आजही शिकवला जातो. 6 मे 1953 च्या संध्याकाळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीसएक वर्षांच्या एका मुलाचे मांडीचे हाड मोडले. फळ्या बांधून, नंतर स्प्लिंट लावून, सुमारे 200 मैलांचा प्रवास करून 9 मे रोजी त्याला पुण्याला आणले. वडील दौंडला डॉक्टरकी करत. तेही पुण्याला आले. सर्जनने संध्याकाळी प्लास्टर घातले, सगळे ठीक आहे असे सांगितले, आणि वडील दौंडला परतले. रात्री नऊला मुलगा गेला. दाखल्यावर कारण लिहिले होते: फॅट एम्बोलिझम, म्हणजे हाडातली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात अडकणे.

डॉक्टर म्हणून मला हे कारण अशक्य वाटत नाही. लांब हाड मोडल्यावर एक ते तीन दिवसांत असे होऊ शकते. पण वडिलांचे म्हणणे होते की भूल न देता, फक्त मॉर्फियावर, तिघांच्या मदतीने जोर लावून हाड बसवले आणि त्या धक्क्याने मुलगा गेला. सर्जनने ते नाकारले. आपण हलका ताण देऊन पाय स्थिर केला, एवढेच त्यांचे म्हणणे. कनिष्ठ न्यायालय, उच्च न्यायालय आणि 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालय, तिन्हींनी आई-वडिलांची बाजू मान्य केली. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले हा तो निकाल. भरपाई मिळाली 3 हजार रुपये, तीही पंधरा वर्षांनी. वडील स्वतः डॉक्टर असताना ही अवस्था, तर शेवगाव-पाथर्डीच्या ऊसतोड कामगाराच्या बायकोने काय करायचे?

तिने करण्यासारखे आहे. जखमी माणूस घरी दगावला तरी अंत्यविधीआधी पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला कळवायचे आणि शवविच्छेदन मागायचे. व्हिसेरा राखून ठेवला असेल तर अंतिम अभिप्राय न्यायसहायक प्रयोगशाळेच्या अहवालानंतर येतो. तो आपोआप घरी येत नाही, मागे लागावे लागते. उपचारांचे कागद लेखी अर्ज दिल्यापासून 72 तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. मात्र ते तीन वर्षेच जपायची सक्ती आहे, म्हणून ‘नंतर बघू’ म्हणू नये.

आणि वय! घाईत आणलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर आम्ही अंदाजाने आकडा टाकतो. अपघात दाव्यात वयावरून गुणक ठरतो: 36 ते 40 ला 15, 46 ते 50 ला 13. महिन्याला 12 हजार कमावणाऱ्या, पाच जणांचे पोट भरणाऱ्या माणसाच्या कमाईतून त्याचा स्वतःचा चौथाई खर्च वजा केला, तर वर्षाचे 1 लाख 8 हजार उरतात. चाळिशीच्या माणसाला आम्ही ‘46’ लिहिले आणि तेच धरले गेले, तर घराचे किमान 2 लाख 16 हजार गेले. शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा; जन्मतारखेसाठी आधारकार्डापेक्षा त्याला वजन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितले. ‘दारूचा वास येतो’ हा शेराही असाच. लिहायचाच तर डॉक्टरांनी रक्ताचा नमुना घ्यावा, नुसत्या वासाने काही सिद्ध होत नाही.

मोटार अपघाताचा दावा 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. अपघात मुंबईत झाला तरी दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तरी मृत्यूसाठी 2 लाखांची केंद्राची योजना आहे.

दवाखान्यातल्या हलगर्जीपणाचा दावा वेगळा. खासगी रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जाता येते. सगळ्यांना मोफत उपचार देणारे सरकारी रुग्णालय मात्र 1995 च्या निकालानुसार ग्राहक कायद्यात बसत नाही. तिथे दिवाणी किंवा उच्च न्यायालय. आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला 6 नोव्हेंबर 2021 रोजी आग लागली, त्या दिवशी 11 कोविड रुग्ण दगावले. राज्य सरकारने वारसांना 5 लाख जाहीर केले. अशी मदत म्हणजे सानुग्रह साहाय्य. जबाबदारी ठरवून मिळालेली भरपाई नव्हे. ती घेतल्याने दाव्याचा हक्क जात नाही. आगीतही प्रश्न कारणाचाच असतो: माणूस आजाराने गेला की धुराने? श्वासनलिकेत सापडलेली काजळी आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइड त्याचे उत्तर देतात, तेही शवविच्छेदन झाले तरच.

वकिलाचे काय? दवाखान्याच्या फाटकाशी कार्ड वाटणारे ‘निम्मे तुमचे, निम्मे आमचे’ म्हणतात. भरपाईत वाटा ठरवून फी घेणे वकिलांच्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात समिती आहे. बाईला उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींनाही नाही. इतरांना वार्षिक 3 लाखांच्या आत वकील मोफत मिळतो. मरणाच्या दाव्यात अर्जदार बहुधा विधवा किंवा आईच असते, म्हणजे बहुतेक घरांना हा हक्क आहेच. फोन 15100. जाताना एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि शाळेचा दाखला, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स न्याव्यात. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नयेत, आमच्यासुद्धा.