इंजिनमध्ये नवीन रिंग टाकल्यात? मग पहिले काही किलोमीटर गाडी अशी चालवा

नवीन फोन घेतला की घरातलं कोणीतरी हमखास सांगतं, "आधी आठ तास चार्ज कर, मग वापर." हा सल्ला जुन्या निकेल बॅटरीच्या काळातला. आजच्या लिथियम बॅटरीला त्याची गरज नाही. बाईकचंही असंच आहे. इंजिन खोलून नवीन पिस्टन-रिंग टाकल्या की गॅरेजपासून बिल्डिंगच्या पार्किंगपर्यंत सगळे सांगतात, "हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नको." यातलं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यामुळे मात्र केलेलं काम वाया जाऊ शकतं.

माझा मामेभाऊ घाटकोपरला राहतो आणि १०० सीसी बाईकवर डिलिव्हरी करतो. निळा धूर यायला लागला म्हणून त्याने ब्लॉक बोअर करून घेतला. गाडी बंद म्हणजे कमाई बंद, त्यामुळे पुन्हा इंजिन खोलणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याला जे समजावलं तेच इथे सांगतो.

रिंग बसते म्हणजे काय?

अशा पिस्टनवर साधारणपणे तीन रिंग असतात. वरच्या दोन कॉम्प्रेशन धरतात, खालची ऑइल खरवडून खाली पाठवते. बोअरिंगनंतर सिलेंडरला होनिंग करतात, म्हणजे आतल्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा पाडतात. रेघांच्या खाचांत ऑइल टिकतं. रेघांचे उंचवटे आणि नवीन रिंग एकमेकांवर घासून चपखल बसतात. उंचवटे झिजले की हे घासणं जवळपास थांबतं, म्हणून सुरुवातीचे किलोमीटर महत्त्वाचे.

फक्त हळू चालवलं तर काय बिघडतं?

रिंगचा स्वतःचा ताण कमी असतो. खरा जोर पेट्रोल जळून तयार होणाऱ्या गॅसचा. हा गॅस रिंगच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर दाबतो. अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर गाडी नुसती घुरघुरत राहिली तर हा दाब मिळत नाही आणि एअर-कूल्ड इंजिन तापतं ते वेगळंच. मग भिंतीवर ऑइलचा चकचकीत थर जमतो. याला ग्लेझिंग म्हणतात. तो जमला की रिंग बसत नाही. ब्लॉक पुन्हा काढून होनिंग करावं लागतं, शक्यतो रिंगही नवीन.

उलट, पहिल्याच दिवशी फुल थ्रॉटल दिला तर नवीन पार्ट जास्त तापतात आणि पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणजे लोड हवा, पण मध्यम आणि बदलता.

मग करायचं काय?

१. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असताना निघा. मुलुंडकरांना ईस्टर्न, बोरिवलीकरांना वेस्टर्न एक्सप्रेस हायवे आहेच. फ्लायओव्हरचा चढ आपोआप लोड देतो.

२. ऑइल लेव्हल बघून स्टार्ट करा. जागेवर रेस करत बसू नका. इंजिन जरा गरम झालं की हळूहळू निघा.

३. तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ४५-५० पर्यंत साधारण अर्ध्या थ्रॉटलने न्या, मग थ्रॉटल सोडून गाडी आपोआप हळू होऊ द्या. मागे कोणी नाही ना, ते आधी बघा. असं आठ-दहा वेळा करा, मध्ये इंजिन थंड होऊ द्या.

४. पुढचे काही दिवस एकाच स्पीडवर लांब जाऊ नका. टॉप गिअरमध्ये गाडी ओढायला लावू नका. डबल सीट आणि जड सामान टाळा.

५. पहिलं ऑइल लवकर बदला, कारण घासून निघालेला धातूचा चुरा त्यातच असतो. किती किलोमीटरला बदलायचं आणि कुठलं टाकायचं, हे काम करणाऱ्या मेकॅनिकला विचारा. बरेच जण सुरुवातीला साधं मिनरल ऑइल सुचवतात.

दर दोन-तीन दिवसांनी ओडोमीटर आणि ऑइल लेव्हलचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. सुरुवातीला ऑइल थोडं कमी होणं चालतं. पण हजार किलोमीटरनंतरही निळा धूर येत असेल आणि लेव्हल उतरत असेल, तर नुसतं ऑइल भरत राहू नका. कॉम्प्रेशन चेक करून घ्या आणि हे फोटो मेकॅनिकला दाखवा.